श्रद्धेचा हात टिपताना: बोट जिथे टेकते तिथून सुरुवात

प्रश्न असा आहे: चेहरा न दाखवता फक्त हातांतून माणसाची ओळख आणि श्रद्धा सांगणारी फोटोमालिका करायची आहे, पण आतापर्यंतचे सगळे फोटो जोडलेल्या हातांच्या शुभेच्छापत्रांसारखे दिसतात. कॅमेरा, प्रकाश, माणसांशी बोलणे, नंतरचे संस्करण, सगळ्यात काय बदलावे?

शुभेच्छापत्र होण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. हात कॅमेऱ्यासाठी जोडलेले असतात. ‘हात जोडा’ म्हटले की माणूस बोटे सरळ करतो, तळवे घट्ट चिकटवतो, कोपरे बाहेर काढतो आणि तसाच थांबतो. प्रार्थनेत कोणी असे हात धरत नाही. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५०८ मध्ये निळ्या कागदावर ब्रशने काढलेले जोडलेल्या हातांचे चित्र व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. त्याच्या असंख्य नकला निघाल्या, तरी मूळ चित्र आजही जिवंत वाटते. नीट पाहिले तर त्यात बोटे एकमेकांवर दाबलेली नाहीत, ती हलकेच टेकली आहेत. तळव्यांमध्ये पोकळी आहे, हाताच्या पाठीवर शिरा आहेत आणि दुमडलेली बाही मनगटापाशी दिसते. ते हात कोणाचे तरी आहेत हे लगेच पटते.

म्हणून पहिला बदल पाहण्यात करा. हाताच्या आकृतीपेक्षा स्पर्शाची जागा शोधा: मण्यावर टेकलेले पेर, पोथीच्या पानाखाली सरकलेले नख, दुसऱ्या हाताचा अंगठा धरून ठेवलेली बोटे. फोकस तिथे, प्रकाश तिथून आणि चौकट तिच्याभोवती. पुढचे बहुतेक निर्णय यातून आपोआप ठरत जातात.

जपमाळेचेच घ्या. हिंदू परंपरेत माळ साधारणपणे मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने मणी ओढतात आणि तर्जनी दूर राहते. मणी ओढताना अंगठ्याचे पेर चपटे होते, नखाच्या टोकाखाली पांढरी कड उमटते आणि मणी पुढे गेला की तिथे पुन्हा गुलाबी रंग भरतो. हे सगळे सेकंदाच्या आत घडते आणि प्रत्येक मण्याला पुन्हा घडते. पाच-सात मणी नुसते पाहा, लय पकडा आणि दाब सर्वांत जास्त असेल त्या क्षणाला बटण दाबा. तोच फोटो मणी सुटल्यावर काढला तर माळ हातात नुसती लटकलेली दिसते. १०८ मणी पुरे झाले की मेरुमणी (माळेच्या जोडावरचा मणी) ओलांडत नाहीत, माळ उलटी फिरवतात. त्या वळणावर बोटे क्षणभर थांबतात आणि अनेकदा सर्वांत चांगली चौकट तिथेच मिळते.

कोणत्या श्रद्धेत हात नेमके काय करतो हे कॅमेरा उचलण्याआधी माहीत हवे, नाहीतर चुकीचा क्षण टिपला जातो. मुस्लिम तसबीह (जपमाळ) बहुधा ३३ किंवा ९९ मण्यांची असते. दुआ मागताना तळवे वर उघडे असतात, तर नमाजाच्या बैठकीत उजव्या हाताची तर्जनी पुढे होते. या दोन अगदी वेगळ्या मुद्रा आहेत. कॅथलिक रोझरीत (जपमाळेत) ५९ मणी आणि एक क्रूस असतो, आणि दर दहा मण्यांनंतरचा मोठा मणी बोटांना न पाहता कळतो. क्रूसाची खूण करताना ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची टोके जुळवतात आणि उजव्या खांद्याकडून डावीकडे जातात. कॅथलिक डावीकडून उजवीकडे जातात, तेही बहुधा उघड्या पंजाने. यहुदी तेफिलिनचा (प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या, धर्मवचने ठेवलेल्या डबीचा) चामडी पट्टा उजव्या हाताने कामे करणारा माणूस डाव्या हाताला बांधतो. कोपराखाली सहसा सात वेढे येतात, उरलेला पट्टा पंजाभोवती आणि मधल्या बोटाभोवती जातो. पट्टा सोडल्यावर कातडीवर काही वेळ राहणारे वळ हा पट्ट्याइतकाच, कधी त्याहून बोलका विषय असतो.

यातूनच एक कडक नियम निघतो: हातांचा फोटो कधीही आडवा उलटवू नका. निसर्गदृश्य उलटवले तर सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. इथे उजव्याचा डावा हात होतो, क्रूसाची खूण दुसऱ्याच पंथाची होते आणि तेफिलिन चुकीच्या हातावर जाते. मोबाइलचा समोरचा कॅमेरा अनेकदा प्रतिमा आरशासारखी उलटी साठवतो, ती सेटिंग आधी बंद करा. फोटोत अक्षरे नसतील तर उलटे झाल्याचे नंतर कळायला मार्ग नसतो. म्हणून दर व्यक्तीमागे एक ओळखीची चौकट ठेवा, जिच्यात दोन्ही हात आणि छातीपर्यंतचा भाग असेल. ती छापायची नाही, फक्त पडताळणीसाठी.

हात कोणाचे, हाही प्रश्न मोलाचा आहे. फ्रेंच शिल्पकार ओगुस्त रोदँच्या १९०८ च्या ‘कॅथीड्रल’ या शिल्पात एकमेकांकडे झुकलेले दोन हात आहेत आणि दोन्ही उजवे आहेत. म्हणजे ती दोन माणसे आहेत. घाईने पाहणाऱ्याला ते एकाच माणसाचे प्रार्थनेतले हात वाटतात. तुमच्या फोटोत दोन माणसांचे हात असतील, म्हणजे आशीर्वाद देणारा आणि घेणारा, तर अंगठ्यांच्या दिशा दिसू द्या. अंगठे झाकले गेले की कोणता हात कोणाचा हे पाहणाऱ्याला उमगत नाही आणि तो पुढच्या फोटोकडे वळतो.

आता ओळख. कामाने हातावर जे लिहिलेले असते ते दागिन्यांपेक्षा विश्वासाचे. तंतुवाद्य वाजवणाऱ्याच्या तारा दाबणाऱ्या बोटांच्या टोकांवर घट्टे असतात, सतारवादकाच्या डाव्या तर्जनीवर तर तारेने पाडलेली खाच दिसते. हाताने खूप लिहिणाऱ्याच्या मधल्या बोटाच्या शेवटच्या सांध्याजवळ उंचवटा असतो. मातीत काम करणाऱ्याच्या नखांच्या मुळाशी धुऊनही न जाणारी रेघ असते. वर्षानुवर्षे घातलेली अंगठी काढली तर खालची कातडी फिकट आणि किंचित दबलेली असते. ही चिन्हे शोधायला सरळ विचारा: ‘या हाताने तुम्ही दिवसभर काय करता, दाखवाल का?’ माणूस हवेत ती हालचाल करून दाखवतो आणि कुठे पाहायचे ते कळते. ओळखीसाठी आणि श्रद्धेसाठी वेगवेगळे हात शोधू नका. ज्या घट्ट्याने हत्यार धरले जाते तोच घट्टा मण्यावर टेकतो. हे एका चौकटीत दिसले तर दुसरे काही सांगावे लागत नाही.

प्रकाशाचे गणित सोपे आहे, पण तिथेच जास्त फोटो बिघडतात. सुरकुत्या, घट्टे, भेगा म्हणजे मिलिमीटरभर उंच-सखल जागा. त्या दिसायला प्रकाश कातडीला जवळजवळ समांतर, म्हणजे २० ते ३० अंशांनी घासून यायला हवा. कॅमेऱ्याच्या दिशेने आलेला फ्लॅश सगळ्या सावल्या पुसतो आणि हात मेणाचा दिसतो. उलट, उघड्या बल्बचा किंवा थेट उन्हाचा तिरपा प्रकाश प्रत्येक सुरकुती कोरून काढतो. साठीचा हात नव्वदीचा दिसतो आणि तो माणूस स्वतःचा फोटो पाहून खट्टू होतो. मधला मार्ग म्हणजे उत्तरेची किंवा पडदा लावलेली खिडकी, हात तिच्यापासून १ ते १.५ मीटरवर, खिडकी एका बाजूला आणि किंचित मागे. सावलीच्या बाजूला ३०-४० सेमीवर पांढरा पुठ्ठा धरा. पुठ्ठा जवळ आणला की सावली उजळते, दूर नेला की गडद होते. हात बदलला की पुठ्ठ्याचे अंतर पुन्हा ठरवा. कोवळ्या हाताला पुठ्ठा काढून टाकलेला चालतो, खूप सुरकुतलेल्या हाताला जवळ हवा.

मेणबत्ती किंवा दिव्याजवळचे हात सगळ्यांनाच टिपायचे असतात. त्यात दोन खड्डे आहेत. पहिला अंतराचा. ज्योत एका बोटापासून १० सेमीवर आणि दुसऱ्यापासून २० सेमीवर असेल, तर दुसऱ्या बोटावर चौथाईच प्रकाश पडतो, म्हणजे दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). जवळचे बोट जळून पांढरे पडते, दूरचे अंधारात जाते. चौकटीबाहेर, त्याच दिशेला आणखी तीन-चार ज्योती जरा लांब ठेवल्या की हा फरक कमी होतो. दुसरा खड्डा रंगाचा. प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका तो नारिंगी. ज्योतीचा रंग सुमारे १९०० केल्व्हिन, दिवसाउजेडाचा सुमारे ५५००. दोन्ही एकत्र असले की तळहात नारिंगी आणि हाताची पाठ निळी येते, आणि एकच व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग जुळवण्याची सेटिंग) दोन्ही सुधारू शकत नाही. खिडकी झाका किंवा ज्योत फक्त दृश्यात ठेवून प्रकाश खिडकीचाच घ्या. ज्योतीच्या प्रकाशात लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा भाग, सर्वांत आधी मर्यादेबाहेर जातो. एकत्रित हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) सुरक्षित दिसत असतानाही बोटांच्या कडांचा तपशील गेलेला असतो, म्हणून तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम सुरू ठेवा आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा.

लेन्सबद्दल एक गैरसमज असा की हातांसाठी मॅक्रोच (अगदी जवळून टिपणारी लेन्स) लागते. प्रौढ हात मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत साधारण १८ सेमी. फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या ३६ मिमी लांबीत तो पूर्ण भरायला १:५ पुरते, म्हणजे सेन्सरवर हात खऱ्याच्या एक पंचमांश उमटतो. १०० मिमीच्या लेन्सने हे सुमारे ७० सेमीवरून होते आणि तेवढे अंतर माणसालाही सोसते. साधी ८५ मिमी लेन्स बहुधा १:८ च्या आसपास थांबते, म्हणजे हात आणि मनगटासाठी चांगली, पेराच्या तपशिलासाठी अपुरी. मोबाइलच्या मुख्य लेन्सने २० सेमीवरून फोटो काढला तर जवळचे बोट मागच्या मनगटाच्या तुलनेत जवळजवळ दुपटीने मोठे दिसते आणि हात ओळखू येत नाही. मोबाइल असेल तर दोन-तीन पट टेली (दूरचे जवळ दाखवणारी लेन्स) निवडा आणि मागे सरका. फार जवळ गेल्यावर फोन गुपचूप दुसऱ्या लेन्सवर जातो, तेही लक्षात ठेवा.

आता डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढून मागे किती खोलीपर्यंत फोटो स्पष्ट येतो, कारण ‘फोटो धूसर आला’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथे असते. एफचा आकडा वाढला की लेन्सचे छिद्र लहान होते. १:५ ला फुल-फ्रेमवर एफ/२.८ असताना जेमतेम ५ मिमी भाग स्पष्ट येतो, एफ/८ ला सुमारे १४ मिमी आणि एफ/११ ला सुमारे २० मिमी. जोडलेल्या हातांची जाडी यापेक्षा कितीतरी जास्त असते, तेव्हा सगळे स्पष्ट येणारच नाही. म्हणून काय स्पष्ट हवे ते ठरवा. स्पर्शाची जागा आणि तिच्या जवळचे नख एकाच प्रतलात येतील असा कॅमेरा फिरवा. दहा अंशांनी फिरणे कधी कधी दोन स्टॉपचे काम करते. एका पेरासाठी १:२ पर्यंत गेलात तर एफ/८ लाही ३ मिमीच मिळतात. तिथे एफ/१६ पर्यंत बंद करण्याचा मोह होतो, पण एवढ्या जवळून त्याचा परिणाम एफ/२४ सारखा होतो आणि विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो. एफ/११ वर थांबा. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडणे) जिवंत हातावर करू नका, कारण नाडीच्या ठोक्यानेही बोट हलते.

थरथर प्रत्येक हातात असते. निरोगी हाताचे सूक्ष्म कंपन सेकंदाला ८ ते १२ वेळा होते, पार्किन्सनमध्ये स्वस्थ ठेवलेला हात सेकंदाला ४ ते ६ वेळा हलतो. स्थिर फोटोसाठी १/२५० सेकंदाखाली जाऊ नका आणि सलग चार-पाच फ्रेम घ्या. कंपन दिशा बदलते त्या टोकाला हात क्षणभर थांबतो आणि त्या चारांत एक फ्रेम तिथली सापडते. थरथर हीच त्या हाताची ओळख असेल, तर त्या माणसाच्या संमतीने १/१५ ते १/८ सेकंद ठेवा. हात कशावर तरी टेकलेला असू द्या, म्हणजे मनगट स्थिर राहील आणि बोटेच पुसट होतील. माळेलाही हेच लागू: अंगठा स्थिर, मणी वाहते.

दिवे एलईडी असतील तर पट्ट्यांपासून सावध. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावले की फोटोवर आडव्या पट्ट्या येतात. १/५० किंवा १/१०० ला त्या बऱ्याच विरतात (६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०). प्रार्थनास्थळात शटरचा आवाज खुपतोच, म्हणून हे आधी रिकाम्या जागेत तपासून ठेवा.

एक्स्पोजर मोजताना कॅमेऱ्याला पूर्ण चौकट दाखवू नका. काळ्या कपड्यावरचा हात जास्त उजळ येतो, पांढऱ्या वस्त्रावरचा काळवंडतो. हाताच्या पाठीवर स्पॉट मीटरिंग (फक्त एका लहान जागेचा प्रकाश मोजणे) करा. गोऱ्या कातडीला साधारण एक स्टॉप वाढवा, गव्हाळीला तसेच ठेवा, गडद कातडीला एक स्टॉप कमी करा. गडद वर्णात तळहात पाठीपेक्षा बराच उजळ असतो. ओंजळ टिपताना मोजमाप तळहातावर घ्या, नाहीतर ओंजळीतला तपशील जातो. गडद हात ‘नीट दिसावा’ म्हणून वर उचलून राखाडी करू नका, तो त्या माणसाचा रंग राहत नाही. कातडीची तेलकट चमक पोलरायझरने (चकाकी कमी करणाऱ्या, लेन्ससमोरच्या फिल्टरने) कमी होते, अंगठीची वा कड्याची होत नाही, कारण धातूवरच्या चकाकीवर त्याचा फारसा परिणाम नसतो. फिल्टर पूर्ण फिरवून सगळी चमक मारू नका, अर्धी ठेवली तर घट्ट्याचा उंचवटा कळतो. त्यात दीड ते दोन स्टॉप प्रकाश जातो, त्याची तजवीज आधी करा.

कृष्णधवल करायचे असेल तर रंग कुठे जातील याचा विचार आधीच हवा. लाल चॅनेल वाढवला की कातडी गुळगुळीत आणि उजळ होते, डाग आणि शिरा फिक्या पडतात. मेंदी नारिंगी-तपकिरी आणि कुंकू लाल, त्यामुळे ती दोन्ही जवळजवळ नाहीशी होतात. हिरवा किंवा निळा चॅनेल वाढवला की मेंदी काळी ठसठशीत येते, सोबत प्रत्येक भेग आणि वांगही गडद होतो. मेंदी टिपायची असेल तर पहिल्या दिवशी नारिंगी असताना घाई करू नका. एक-दोन दिवसांत ती गडद होते आणि दोन्ही प्रकारे चांगली उतरते.

एक बारीक गोष्ट, जी सहज हातून निसटते: शिरा. हात हृदयाच्या वर उचलला की काही सेकंदांत हाताच्या पाठीवरच्या शिरा रिकाम्या होऊन दबतात. खाली सोडून ठेवला की त्या भरून वर येतात. म्हणून वर उचललेले हात तरुण दिसतात आणि मांडीवर पडलेले तेच हात वयस्कर. कोणते खरे, हे त्या माणसाच्या नित्याच्या बैठकीवर ठरवा आणि मालिकेत सगळ्यांना एकच पद्धत लावा. हात गार पडले असतील तर नखे निळसर आणि बोटांची टोके फिकट येतात. बसल्यावर पाच मिनिटे हात उबदार कपड्याखाली ठेवू द्या. घड्याळ निदान अर्धा तास आधी काढायला सांगा, नाहीतर पट्ट्याचा वळ राहतो. क्रीम लावायला मात्र सांगू नका.

चौकट कापताना सांध्यावर कधीही कापू नका. मनगटाच्या मागे पाच-आठ सेमी हात आणि बाहीची कड राहू द्या. मनगटावरच कापलेला हात तोडून ठेवल्यासारखा दिसतो, आणि श्रद्धेच्या फोटोत तो फारच खटकतो. पार्श्वभूमीला काळा पडदा लावू नका. माणसाची स्वतःची मांडी, त्याचे वस्त्र हीच उत्तम पार्श्वभूमी असते. कोणाच्याही हातात दुसऱ्याची माळ किंवा ग्रंथ ‘फोटोपुरता’ देऊ नका. परक्या वस्तूवर बोटे कशी संकोचतात, हे त्या श्रद्धेचा माणूस एका नजरेत ओळखतो. विधी पुन्हा करून दाखवायलाही सांगू नका. क्षण हुकला तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत जा. काही दिवस आणि काही क्रिया पूर्णच वर्ज्य असतात: शब्बाथला (यहुदींच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी) तेफिलिन बांधत नाहीत आणि शब्बाथ पाळणाऱ्यांना त्या दिवशी फोटोही चालत नाही. आधी विचारले की चालेल ते, न चालेल ते, दोन्ही नीट सांगितले जाते.

चेहरा नाही म्हणून परवानगी नको, असे समजू नका. गोंदण, व्रण, अंगठी यांवरून जवळची माणसे हात सहज ओळखतात, आणि फोटो श्रद्धेविषयी असल्याने त्यातून माणसाचा धर्म जाहीर होतो. काही ठिकाणी हे जिवावर बेतू शकते. लेखी संमतीत फोटो कुठे लागणार, नाव आणि धर्म लिहिला जाणार का, हे वेगवेगळे विचारा. शिवाय बोटांचे ठसे. २०१४ मध्ये यान क्रिसलर या जर्मन संशोधकाने जाहीर कार्यक्रमातल्या फोटोंवरून तेव्हाच्या जर्मन संरक्षणमंत्री उर्सुला फॉन देर लायन यांच्या अंगठ्याचा ठसा तयार करून दाखवला होता. तुमचे फोटो त्याहून कितीतरी जवळचे असतील. ठशाच्या रेषांमधले अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर असते. पूर्ण हात २००० पिक्सेलमध्ये असेल तर प्रत्येक रेषेच्या वाट्याला पाच-सहा पिक्सेल येतात आणि ठसा वाचता येतो. ८०० पिक्सेलवर तेच दोनाच्या आसपास येतात आणि रेषा विरतात. बोटांची टोके कॅमेऱ्याकडे असलेले फोटो इंटरनेटवर ८०० पिक्सेलपेक्षा मोठे टाकू नका. केवळ एका पेराचा जवळचा फोटो असेल तर तो फक्त छापील ठेवा, किंवा बोट बाजूने टिपा.

संस्करणात क्लॅरिटीचा (पोत ठळक करणारा) स्लायडर हा या विषयाचा मोठा शत्रू. तो वाढवला की हात झाडाच्या सालीसारखा दिसतो आणि पाहणारा ‘वा, काय पोत!’ म्हणून पुढे जातो, माणूस विसरला जातो. दहा-पंधराच्या वर नेऊ नका, तेही शक्यतो फक्त स्पर्शाच्या जागेवर. कपड्याचा धागा, धुळीचा कण काढायला हरकत नाही. व्रण, नखातली माती, वाकडे बोट जसेच्या तसे राहू द्या.

छपाई मॅट कागदावर करा, चकचकीत कागदावर दिव्याचे प्रतिबिंब नेमके तळहातावर पडते. आकार खऱ्या हाताइतका, म्हणजे फोटोतला हात १८ सेमीच्या जवळपास, किंवा फार तर दीडपट. या मापाला पाहणारा नकळत स्वतःचा हात शेजारी धरून पाहतो. तिप्पट मोठा केला की कातडीचा नकाशा होतो. मालिकेत प्रत्येक व्यक्तीचे तीन फोटो पुरतात: कामातला हात, प्रार्थनेतला हात आणि दोन्ही नसताना मांडीवर नुसता पडलेला हात. तिन्हींना प्रकाश, अंतर आणि छपाईचे माप एकच ठेवा. तिसरा फोटो सर्वांत शेवटी काढा, ‘झाले’ म्हटल्यानंतर पण कॅमेरा खाली ठेवण्याआधी. तेव्हा बोटे सैल होतात, अंगठा आत वळतो आणि माळ किंवा हत्यार धरण्याची सवय रिकाम्या हातातही दिसते.